सफरी फणस, रूमवरच्या बादलीत

फळवाला जो शेंडा कापून फेकून देतो, त्यातून अननसाचं अख्खं झाड उभं राहतं. लातूर-नांदेडच्या उन्हात, भाड्याच्या खोलीच्या गच्चीवर, आठवड्याला लिटर-दीड लिटर पाण्यात. फक्त दोन वर्षं थांबायची तयारी हवी.

२०१९ च्या नीटला बायोलॉजीत एक प्रश्न होता. अननसाच्या झाडाला फुलं यायला फार वेळ लागतो. वर्षभरात केव्हाही फुलं आणून उत्पादन वाढवायचं असेल, तर कोणत्या दोन हार्मोन्सची जोडी वापराल? उत्तर, ऑक्झिन आणि इथिलीन. लातूरच्या ट्यूशन एरियात नाहीतर नांदेडच्या बाबानगर-भाग्यनगरात रात्री अकराला कुणालाही अडवून विचारा, हातातला चहाचा कप खाली न ठेवता उत्तर देईल. एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात अननसाचं नाव ऑक्झिनखालीही येतं आणि इथिलीनखालीही. दोन्ही ओळी हायलायटरने पिवळ्या झालेल्या असतात.

मग त्यालाच पुढचा प्रश्न विचारा. अननस लागतो कशाला?

इथं गडबड सुरू होते. कुणी म्हणतं नारळासारखं उंच झाड असतं. कुणी म्हणतं बटाट्यासारखा जमिनीखाली येतो. खरं तर अननसाचं झाड असतं कमरेएवढं. घायपात किंवा कोरफड आठवा, तशीच लांब, टोकदार, गोल मांडलेली पानं. त्यांच्या मधोमध एक जाड दांडा वर येतो आणि त्या दांड्यावर एकच फळ बसतं, डोक्यावर पानांचा तुरा घेऊन. एका झाडाला एक फळ. तेही दीड-दोन वर्षांनी.

म्हणजे अकरावीला ॲडमिशन घेताना लावलं, तर बारावी संपताना कुठं फुलाची चाहूल.

हे ऐकून बहुतेकांचा उत्साह मावळतो, आणि ते बरोबरही आहे. पैशाचं गणित मांडायला बसलात तर हा धंदा सपशेल तोट्याचा. गाड्यावर आख्खा अननस मिळतो, कापून, मीठ-मसाला लावून मिळतो, लग्नाच्या पंगतीत पायनॅपल शिऱ्यातही मिळतो (त्यात अननस किती आणि इसेन्स किती हा वेगळा विषय). तरीही रूमवर ठेवायला एखादं झाड सुचव असं कुणी विचारलं तर मी अननसच सुचवीन. कारण भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या पोरापोरींची जी अडचण असते, नेमकी त्याच अडचणीसाठी हे झाड बनलेलं आहे. जागा कमी, पाणी मोजून, लक्ष द्यायला वेळ नाही, आणि कधी रूम बदलावी लागेल सांगता येत नाही.

प्रवासी फणस

शेवटच्या मुद्द्याला तर चारशे वर्षांपूर्वीचा दाखला आहे. अननस मूळचा दक्षिण अमेरिकेतला. कोलंबसाच्या माणसांनी तो १४९३ मध्ये ग्वादलूप बेटावर चाखला आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो भारतात आणला. नावही त्यांच्याच जहाजातून आलं. तिकडच्या तुपी भाषेतल्या शब्दाचं त्यांनी 'अनानास' केलं, आपण 'अननस' केलं. इंग्रजांना मात्र ते फळ पाइनच्या शंकूसारखं दिसलं, म्हणून त्यांचं नाव निराळं.

अकबराच्या काळात तो उत्तरेत पोचला होता. अबुल फजलने 'ऐन-ए-अकबरी'मध्ये त्याचं आणखी एक नाव नोंदवून ठेवलंय, कटहल-ए-सफरी. म्हणजे प्रवासी फणस. असं का, तर कोवळं रोप एखाद्या भांड्यात लावून प्रवासात सोबत नेता येतं आणि तिथं ते फळही देतं! कुंडीतल्या अननसाची जाहिरात याहून चांगली कुणी केली नसेल. पुढं जहांगीरनं आपल्या आठवणींत लिहिलंय की आग्र्याच्या बागेत दरवर्षी हजारो अननस निघतात. आग्र्याचा मे महिना आपल्यापेक्षा काही थंड नसतो, आणि हिवाळा तर आपल्याहून कडक. तेव्हा 'हे कोकणातलं पीक आहे, आपल्याकडं येत नाही' असं कुणी म्हणालं तर त्याला बादशहाचं नाव सांगा.

फणस म्हणणंही चुकीचं नव्हतं बरं का. अननस हे एक फळ नसून शंभर-दोनशे फुलांची छोटी छोटी फळं चिकटून झालेला गोळा आहे. त्याचे ते 'डोळे' म्हणजे एकेक फूल. फणस, तुती आणि अननस, तिघंही एकाच प्रकारात, सोरोसिस. मल्टिपल फ्रूटचं उदाहरण पाठ करताना हे तीन शब्द सोबत येतात ते त्यामुळं. पुढच्या वेळी आख्खा अननस हातात आला तर डोळ्यांच्या तिरक्या रांगा मोजा. एका बाजूला साधारण ८, दुसऱ्या बाजूला १३, उभट रांगा २१. फिबोनाची.

सोयाबीन, ऊस आणि हा पाहुणा

आता पाण्याचं बोलू. लातूरमध्ये राहून झाडाचं बोलायचं आणि पाण्याचं नाही, असं जमत नाही. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून निघालेली पहिली पाण्याची रेल्वे लातूरला पोचली, दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. तुम्ही तेव्हा शाळेत असाल. मांजरा धरण आटलेलं, पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागलेली. आजही उन्हाळ्यात टँकर आला की घरमालक गच्चीवरच्या कुंड्यांकडं ज्या नजरेनं बघतात, ती नजर त्या वर्षानं दिलेली आहे. अशा शहरात 'घरात हिरवाई करा' असं सांगणाऱ्यानं आधी पाण्याचा हिशोब द्यावा.

अननसाचा हिशोब चक्क पुस्तकात आहे. आपल्या जिल्ह्यातलं सोयाबीन सी-थ्री, ऊस सी-फोर आणि अननस कॅम. ढोबळ आकडे असे : एक ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आत घेण्यासाठी सी-थ्री झाड ४०० ते ५०० ग्रॅम पाणी हवेत गमावतं, सी-फोर २५० ते ३००, आणि कॅम फक्त ५० ते १००. (मग ऊस एवढं पाणी का पितो? कारण तो वर्षभर शेतात उभा असतो आणि वाढतो प्रचंड. गुण चांगला असला तरी बिल मोठंच येतं.)

कॅमची युक्ती सोपी आहे. पानांवरची छिद्रं दिवसा उघडली की पाणी उडून जातं. म्हणून अननस दिवसा दारं लावून घेतो आणि रात्री, हवा गार झाल्यावर उघडतो. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड मॅलिक ॲसिडच्या रूपात साठवतो आणि दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला की बंद दाराआड त्याची साखर करतो. आपली पानफुटीसुद्धा हेच करते. १८१३ च्या सुमारास बेंजामिन हाइन नावाच्या माणसानं भारतात राहून पानफुटीची पानं दिवसभरात चावून बघितली. सकाळी आंबट, दुपारी बेचव, संध्याकाळी कडवट. त्यानं ते लंडनच्या लिनियन सोसायटीला कळवलं आणि कॅमच्या अभ्यासातली ही एक सुरुवातीची नोंद ठरली. पानफुटी तर गल्लीगल्लीत आहे. सकाळी सहाला आणि दुपारी चारला एकेक पान घेऊन त्याला लिटमस पेपर लावला तरी फरक दिसावा.

या बचतीची किंमत एकच, वेग. दिवसा दार बंद ठेवणारं झाड सावकाश वाढतं. दोन वर्षं लागतात त्यामागचं हे एक मोठं कारण.

चाचा, तो शेंडा द्या

खर्च जवळजवळ शून्य. गंजगोलाईत किंवा वजिराबादच्या कुठल्याही फळगाड्यावर अननस सोलताना शेंडा बाजूला फेकतात. 'चाचा, तो शेंडा फेकू नका, मला द्या,' म्हटलं की मिळतो. पण बघून घ्या. मधली पानं हिरवी आणि घट्ट हवीत. मधलं एक पान हलकेच ओढलं आणि ते निसटून हातात आलं तर तो शेंडा आतून सडलाय, सोडून द्या. मुख्य म्हणजे शेंडा सुरीनं अर्धा छाटलेला नको. आख्खा अननस घेतलात तर एका हातात फळ, दुसऱ्या हातात शेंडा धरून बाटलीचं झाकण उघडल्यासारखा पिरगाळा. बुडखा धरून स्वच्छ निघतो.

आपल्या बाजारात येणारा बराचसा माल केरळचा. तिथलं एर्नाकुलम जिल्ह्यातलं वाळकुलम हे अननसाचं गाव, त्याला २००९ मध्ये जीआय मिळालंय. तिकडं मॉरिशस जात लावतात. पानांच्या कडेला टोकापर्यंत काटे असतील तर ही मॉरिशस किंवा क्वीन. पानं गुळगुळीत आणि काटे फक्त टोकाशी असतील तर क्यू. कुंडीसाठी काटेरीच बरी, झाड आटोपशीर राहतं आणि फळही तुलनेनं लवकर येतं. काटे मात्र खरोखर लागतात, त्यामुळं बादली जिन्याच्या तोंडाशी ठेवू नका.

शेंड्याला चिकटलेला गर सगळा काढून टाका. तो राहिला की मुंग्या येतात, मग सड. खालची छोटी पानं एकेक करून ओढून काढा, साधारण दोन-तीन सेंटिमीटर बुडखा उघडा पडेपर्यंत. तिथं बारीक तपकिरी ठिपके दिसतील, कधी कधी तर वळवळीत धाग्यासारखं काहीतरी गुंडाळलेलं दिसतं. ती मुळं. पानांखाली आधीपासून तयार असतात.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. शेंडा तीन-चार दिवस सावलीत उलटा टाकून सुकू द्यायचा. ऊस लावताना बेणं ताजं लागतं, इथं उलटं आहे. जखम सुकली नाही तर ओल्या मातीत बुडखा कुजतो. सुकल्यावर थेट मातीत लावा, किंवा मुळं फुटताना बघायची हौस असेल तर काचेच्या ग्लासात फक्त बुडखा बुडेल एवढ्या पाण्यात ठेवा. पाणी एक दिवसाआड बदलायचं. दोन-तीन आठवड्यांत पांढरी मुळं दिसतात. ती बोटभर झाली की कुंडीत.

कुंडी म्हणजे रंगाची रिकामी बादली. सुरुवातीला छोटी चालते, पण एकदाच काम उरकायचं तर वीस लिटरची घ्या आणि बुडाला सात-आठ भोकं पाडा. त्यात काय भरायचं, यावर सगळं अवलंबून आहे. गावाकडून येताना शेतातली काळी माती पिशवीत भरून आणण्याचा मोह होईल. आणू नका. आपली काळी माती कापसाला, सोयाबीनला सोनं आहे. अननसाला ती विष आहे. ती पाणी धरून बसते, आणि ती अल्कधर्मी. अननसाला हवी निचऱ्याची, आम्लधर्मी माती, पीएच साधारण साडेचार ते साडेपाच, सहापर्यंत ठीक. नर्सरीतली लाल माती, जाड वाळू, कोकोपीट आणि गांडूळखत, हे साधारण सारख्या प्रमाणात मिसळा. शेंडा फार खोल पुरायचा नाही. शेतकऱ्याच्या घरातल्यांना 'पोंगा' शब्द माहीत असेल, मक्याचा पोंगा, केळीचा पोंगा. अननसाच्या पोंग्यात माती जाता कामा नये.

पाणी, बोअरचं आणि एसीचं

मरणारे बहुतेक अननस तहानेनं मरत नाहीत, रोज पाणी घातल्यानं मरतात. मातीत बोट घालून बघा. वरचा दोन इंच थर कोरडा लागला तरच पाणी. हिवाळ्यात आठ-दहा दिवसांतून एकदा, उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा. पावसाळ्यात बरेच दिवस काहीच नाही. पानांची रचनाच नरसाळ्यासारखी आहे, दवसुद्धा घरंगळून बुडाशी जातो.

आपल्या भागातली खरी अडचण बोअरच्या जड पाण्याची. काही महिन्यांनी कोवळी पानं पिवळी पडायला लागतात, शिरा तेवढ्या हिरव्या. लोक खत घालतात, अजून पिवळी पडतात. हे लोहाच्या कमतरतेचं लक्षण आहे. मातीत लोह असतंच, पण अल्कधर्मी झालेल्या मातीतून झाडाला ते उचलता येत नाही. उपाय पानांतून. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, लिटरभर पाण्यात दोन-तीन ग्रॅम, संध्याकाळी पानांवर फवारायचं. अननस पानांच्या बेचक्यांतून अन्न चांगलं घेतो. १९:१९:१९ हे विद्राव्य खतही असंच, लिटरला दोन ग्रॅम, महिन्यातून एकदा. क्लासच्या एसीचं पाणी नळीतून ठिबकत असेल तर त्याखाली बाटली लावा, ते जवळजवळ क्षारमुक्त असतं. आरओचं वाया जाणारं पाणी मात्र घालू नका, त्यात क्षार अजून दाट झालेले असतात. तांदूळ धुतलेलं पाणी चालतं. पानांच्या बुडाशी पाणी साचून राहू देऊ नका, डासांची सोय होते.

पांढरा कापसासारखा पुंजका दिसला तर तो पिठ्या ढेकूण. सीताफळावर येतो तोच. मुंग्या त्याला वाहून आणतात, म्हणून मुंग्यांची रांग दिसली की आधी बुडखा तपासा. ओल्या फडक्यानं पुसून निंबोळी अर्क फवारला तर आटोक्यात येतो.

मे महिन्यात कुणी नसतं

रूमवरच्या झाडांचा खरा कर्दनकाळ म्हणजे परीक्षेचं वेळापत्रक. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्ड, मे महिन्यात नीट. पेपर झाला की त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी एसटी. ट्यूशन एरिया रिकामा होतो आणि गच्चीवरची तुळस, गुलाब, मनीप्लांट ४२ अंशांत, तापलेल्या स्लॅबवर, एकटी राहतात. जूनमध्ये परत आलं की काड्या.

अननसाला २२ ते ३२ अंश आवडतात. ४२ त्याला आवडत नाहीत, पण तो तगतो, थोडी तजवीज केली तर. बादली दोन विटांवर ठेवा, स्लॅबचा ताप थेट मुळांना लागायला नको. एप्रिल-मेमध्ये सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारचं टळेल अशी जागा, पाण्याच्या टाकीची पूर्वेकडची बाजू उत्तम. हिरवी शेडनेट पन्नास टक्क्यांची. मातीवर सोयाबीनच्या भुसकटाचा जाड थर. निघायच्या दिवशी भोकांतून पाणी वाहीपर्यंत भिजवा आणि जा. दोन-तीन आठवडे तो निभावून नेतो. परत याल तेव्हा पानं आत वळलेली, थोडी लालसर झालेली असतील. पाणी दिलं की उलगडतात. पानांवर फिकट पांढुरके डाग पडले असतील तर ते उन्हाचे चटके, ते जात नाहीत, पण नवी पानं चांगली येतात.

रिपीट करणाऱ्यांना या झाडाचं एक बरं वाटेल. पहिल्या वर्षी ते जवळजवळ काहीच करत नाही. फक्त पानं वाढवतं. त्याला कुणी विचारतही नाही की यंदा किती लागले.

अर्धापूरची केळी आणि ती पिशवी

झाडाला तीसेक-चाळीस दमदार पानं झाली आणि तरी फूल येत नसेल, तर पहिल्या परिच्छेदातला प्रश्न बाहेर काढायचा. शेतकरी इथेफॉन वापरतात, ते झाडात जाऊन इथिलीन सोडतं. ही युक्ती सापडली ती धुरामुळं. एकोणिसाव्या शतकात अझोर्स बेटांवर काचघरांत धूर झाला आणि आतले अननस एकदम फुलावर आले. धुरात इथिलीन असतं हे नंतर कळलं.

रूमवर धूर करायची गरज नाही. पिकलेलं फळ इथिलीन सोडतं. पुस्तकी उपाय सफरचंदाचा आहे, पण अर्धापूरच्या शेजारी राहून सफरचंद कशाला विकत आणायचं? चांगली पिकलेली, ठिपके पडलेली दोन-तीन केळी झाडाच्या बुडाशी ठेवा, पूर्ण झाडावर मोठी प्लॅस्टिकची पिशवी घालून खाली बांधा, आणि चार-पाच दिवस सावलीत ठेवा. सावलीत हे महत्त्वाचं. उन्हात ठेवलं तर आत झाड शिजेल. पिशवी काढल्यावर लगेच काही दिसत नाही. दीड-दोन महिन्यांनी पोंग्यात लालसर छटा येते, मग दांडा, मग बोटाच्या पेराएवढी जांभळी-निळी फुलं. खालून वर, रोज थोडी, प्रत्येक फूल एकच दिवस. झाड लहान असताना हा प्रयोग केला तर फळ लिंबाएवढं येतं, त्यामुळं पानं मोजा.

परागीभवनाची काळजी नको. अननस स्वतःच्याच परागाला दाद देत नाही आणि बिया न धरताच फळ धरतो. उलट बिया झाल्या तर फळाची मजा जाते. अननसाच्या मळ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या हवाई बेटांवर हमिंगबर्ड पक्षी आणायलाच बंदी आहे, कारण ते पराग इकडून तिकडं नेतात.

फुलानंतर पाच-सहा महिने. बुडाकडून पिवळेपणा चढायला लागला आणि वास आला की कापा. अननस तोडल्यानंतर गोड होत नाही, नरम होतो एवढंच, म्हणून झाडावरच थांबा. कुंडीतलं फळ बाजारातल्यापेक्षा लहान असतं. खाताना जीभ चुरचुरते ती ब्रोमेलिनमुळं. ते प्रोटीन तोडणारं एन्झाइम आहे, म्हणजे तुम्ही अननस खाता तेव्हा अननसही थोडंसं तुम्हाला खात असतो. शिजवलं की ते निकामी होतं. शिऱ्यात जीभ चुरचुरत नाही ती त्यामुळं, इसेन्समुळं नव्हे.

फळ दिल्यावर मूळ झाड हळूहळू वाळत जातं. पण तोपर्यंत बुडातून दोन-तीन पिलं फुटलेली असतात. एनसीईआरटीच्या जुन्या आवृत्तीत अशा फुटव्यांसाठी एका ओळीत तीन नावं होती, केळी, अननस आणि शेवंती. केळीच्या बागेत त्याला मुनवे म्हणतात. एखादं पिलू तसंच ठेवलं तर उसासारखा खोडवा घेता येतो, बाकीची वीतभर झाली की पिरगाळून काढून दुसऱ्या बादलीत. पिलाला शेंड्यापेक्षा लवकर फळ येतं, साधारण सव्वा-दीड वर्षात. तोवर तुम्ही एमबीबीएसला, इंजिनीअरिंगला, बीएस्सीला, कुठं ना कुठं गेलेले असाल. एक पिलू बॅगेत बसतं, पानं वर्तमानपत्रात गुंडाळली की काटे टोचत नाहीत, आणि मातीशिवाय ते आठ-दहा दिवस सहज राहतं. दुसरं रूमवर नव्यानं येणाऱ्यासाठी ठेवा, बादलीवर मार्करनं लावल्याची तारीख लिहून. घरमालकीण काकूंना मात्र आधी सांगून ठेवा, नाहीतर सुट्टीत गच्ची साफ करताना त्या 'हे काटेरी काय उगवलंय' म्हणून पहिल्यांदा तीच बादली रिकामी करतील.